नाताळ दहा दिवसांवर आणि चर्चमध्ये भुकेच्या गोष्टी?

एका डिसेंबरात माझी एक मैत्रीण पहिल्यांदाच माझ्याबरोबर रविवारच्या उपासनेला आली. नाताळ दहा दिवसांवर आलेला. तिला वाटलं, आत गाणी, रोषणाई, चांदण्या असतील. प्रत्यक्षात वेदीजवळ हिरव्या फांद्यांचं एक चक्र, त्यात पेटवलेल्या तीन मेणबत्त्या आणि न पेटवलेली एक. वाचन सुरू झालं ते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं. लोक त्याला विचारतात, ‘मग आम्ही काय करावं?’ आणि तो सांगतो: ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं ज्याच्याकडे एकही नाही त्याला एक द्यावा, ज्याच्याकडे अन्न आहे त्यानंही तसंच करावं.

बाहेर पडताना ती म्हणाली, “अगं, सण आनंदाचा ना तुमचा? मग हे उपाशी आणि उघडे मध्येच कुठून आले?”

मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. नीट उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

कुणाची वाट पाहायची?

नाताळच्या आधीचे चार रविवार ज्या दिवसांत येतात तो आगमनकाळ, म्हणजेच ॲडव्हेंट. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता ‘येणं’. रोमन काळात बादशहा एखाद्या शहरात वाजतगाजत यायचा, त्यालाही हाच शब्द वापरत. ख्रिस्ती लोकांनी तो उचलला आणि गव्हाणीत निजवलेल्या एका बाळाला लावला. यातला खट्याळपणा मला फार आवडतो.

पश्चिमेकडच्या चर्चपरंपरेत हा काळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी सुरू होतो. चर्चचं नवं वर्षही त्याच दिवशी लागतं. बाराव्या शतकातले संत बर्नार्ड तीन आगमनं सांगत. एक होऊन गेलेलं, बेथलेहेमातलं. एक व्हायचं असलेलं, जगाच्या अंती. आणि या दोहोंच्या मधलं, कुणाच्या नजरेत न भरणारं. बर्नार्डना ते माणसाच्या अंतःकरणात होणारं आगमन वाटत होतं. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रातला, पंचविसावा अध्याय वाचला की हे मधलं आगमन दारातही होतं असं दिसतं.

त्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. राजा एका बाजूच्या लोकांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. मग तहानेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला अशी यादी पुढे जाते. भूक मात्र पहिली. गंमत पुढे आहे. ज्यांनी दिलं ते गोंधळून विचारतात, ‘प्रभू, तू भुकेला असताना आम्ही तुला केव्हा पाहिलं?’ ज्यांनी दिलं नाही तेही अगदी हाच प्रश्न विचारतात. ओळखलं कुणीच नव्हतं. फरक पडला तो ओळखण्यानं नाही, वाढण्यानं.

आधी उपास, मग सजावट

आज आगमनकाळ म्हणजे खरेदीचा मोसम वाटतो. मुळात तो उपासाचा काळ. पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेट्युअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करायला सांगितलं होतं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपास आजही आहे.

उपास कशासाठी? देवाला खूश करायला, असं चटकन वाटेल. पण दुसऱ्या शतकात आरिस्तिदीस नावाच्या लेखकानं ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना जे लिहिलं ते वेगळं आहे. तो सांगतो, यांच्यात कुणी गरजू असला आणि इतरांकडेही जास्तीचं काही नसलं, तर हे लोक दोन-तीन दिवस उपाशी राहतात आणि ते अन्न त्याला देतात. म्हणजे उपास हा हिशेब होता: माझ्या पोटातून वजा, त्याच्या पोटात जमा. नुसता पोटाला चिमटा काढून पुण्य गाठीला बांधण्याची ती सोय नव्हती. त्याच्याही काही शतकं आधी यशया संदेष्ट्यानं बायबलमधल्या आपल्या पुस्तकाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात हेच खडसावून सांगितलंय. उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घेता? मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, असं देव तिथे म्हणतो.

आणि त्या चक्राचं काय, जे आता हौसेनं घरोघरी सजवतात? ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गमधलं. योहान हिनरिक विखर्न या धर्मसेवकानं तिथे १८३३ मध्ये गरीब, बेवारस मुलांसाठी एक घर सुरू केलं. डिसेंबर लागला की मुलं रोज विचारून भंडावायची, नाताळ कधी, नाताळ कधी. १८३९ मध्ये त्यानं एक जुनं गाडीचं चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटवायची आणि मुलांनी उरलेल्या मोजायच्या. आज दुकानात मिळणाऱ्या देखण्या चक्राचा पूर्वज हा असा, ज्यांना कुणी नव्हतं त्या पोरांसाठी केलेला दिवस मोजायचा खटाटोप.

भूक मोजतात कशी?

इथे थोडं जगाकडे बघू. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था दरवर्षी जगातल्या भुकेचा अहवाल काढतात. त्यात ‘अल्पपोषण’ असा एक शब्द असतो. निरोगी, हिंडतंफिरतं आयुष्य जगायला जेवढी ऊर्जा अन्नातून मिळायला हवी तेवढी नेहमीच न मिळणं, म्हणजे अल्पपोषण. एखादं जेवण चुकल्यावर पोटात कावळे ओरडतात ते यात धरत नाहीत. २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ साली अशी सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसं जगात होती, म्हणजे साधारण दर बारा माणसांत एक. पोट कसंबसं भरतं पण सकस जेवण परवडत नाही अशांची संख्या याहून कितीतरी मोठी, सुमारे २६० कोटी.

दुष्काळ किंवा उपासमार जाहीर होते ती पायरी याच्याही पलीकडची. तज्ज्ञ अन्नटंचाईची पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. पाचव्या पायरीवर किमान २० टक्के घरांत खायला जवळपास काहीच नसतं, किमान ३० टक्के लहान मुलं तीव्र कुपोषित असतात आणि दर दहा हजार माणसांमागे दिवसाला किमान दोन माणसं दगावत असतात. ‘दुष्काळ’ हा शब्द बातमीत येईपर्यंत बरीच माणसं गेलेली असतात ती यामुळे.

मग अन्न कमी पडतंय का? २०२२ साली घरं, खाणावळी आणि दुकानं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातलं ६० टक्के आपल्या घरांतलं.

इमारतीच्या गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असते, तरी एखाद्या घरातला नळ कोरडा असतो. का? मधली वाहिनी तुंबलेली असते, कुणी चावी बंद केलेली असते, नाहीतर त्या घराला जोडणीच दिलेली नसते. अमर्त्य सेन यांनी १९४३ चा बंगालचा दुष्काळ अभ्यासून जे दाखवलं ते हेच: लोक मेले ते धान्य संपलं म्हणून नव्हे, तर त्यांच्याकडे ते मिळवायची ताकद उरली नाही म्हणून. भाव चढले, मजुरी तिथेच राहिली. भूक म्हटलं की आपल्याला रिकामी टाकी दिसते; बहुतेक वेळा बघायला हवी ती जोडणी.

‘गरीब’ नक्की कोण?

बायबलचा दुसरा भाग, म्हणजे नवा करार, ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि ग्रीकमध्ये गरिबाला दोन शब्द होते. एक ‘पेनेस’: ज्याचं हातावर पोट आहे, काम मिळालं तर चूल पेटते. दुसरा ‘प्तोखोस’: ज्याच्याकडे कामही नाही, जो अंग चोरून, वाकून, दुसऱ्याच्या दारात उभा आहे. येशू ‘अहो दीनांनो, तुम्ही धन्य’ म्हणतो, तेव्हा शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनं वापरलेला शब्द हा दुसरा आहे.

हे वाचून गरिबी चांगली असते असा अर्थ काढणारे आहेत. स्वतः भरल्या पोटी असलेल्यांना तो विशेष सुचतो. पण लूकमध्ये पुढच्याच ओळीत आहे, ‘आता भुकेले आहात ते तुम्ही तृप्त व्हाल.’ भूक संपणार, हे तिथलं शुभवर्तमान.

शेताचा कोपरा कुणाचा?

आता मला ज्या मुद्द्यावर यायचं होतं तो. गरिबाला देणं म्हणजे दया, असं आपण धरून चालतो. मन मोठं असेल तर द्यावं, नसेल तर कोण विचारतंय. बायबलचा जुना कायदा असं धरत नाही.

लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय शेतकऱ्याला सांगतो: कापणी करताना शेताच्या कडेचं पीक कापू नकोस, खाली पडलेली कणसं वेचू नकोस, द्राक्षमळ्यात गळालेली फळं गोळा करू नकोस. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. अनुवाद या पुस्तकात आणखी बारकावा आहे. शेतात एखादी पेंढी विसरलास तर ती आणायला परत फिरू नकोस. ती परक्याची, पोरक्याची, विधवेची.

हे नीट बघा. मालकानं पीक कापून, घरी नेऊन, मग त्यातलं मूठभर काढून दारात आलेल्याला द्यावं असं इथे नाही. तसं केलं तर मालक दाता होतो आणि घेणाऱ्याची मान खाली जाते. इथे कडेचं पीक मालकाचं नाहीच. गरीब स्वतः शेतात येणार, स्वतः वेचणार आणि कुणाचे आभार न मानता घरी जाणार. मालकाचं काम एवढंच, हात आवरायचा.

या कायद्यावर जगलेल्या एका बाईची गोष्ट बायबलमध्ये आहे. रूथ, परदेशी, तरुणपणी विधवा झालेली, सासूबरोबर तिच्या गावी आलेली. घरात दाणा नाही. ती कापणी करणाऱ्यांच्या मागोमाग सरवा वेचत जाते. शेताचा मालक बवाज गड्यांना हळूच सांगतो की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम पडू द्या आणि तिला धमकावू नका. संध्याकाळी ती वेचलेलं झोडते आणि दाणे सासूपुढे नेऊन ठेवते; दुपारी आपल्या जेवणातलं राखून ठेवलेलंही तिला देते. पुढे बवाज तिच्याशी लग्न करतो. त्यांचा पणतू दावीद राजा, आणि मत्तयानं येशूची वंशावळ दिली आहे त्यात रूथचं नाव आहे.

ते गाव बेथलेहेम. हिब्रू भाषेत या नावाचा अर्थ भाकरीचं घर. भाकरीच्या घरात पोचलेल्या उपाशी परक्या बाईच्या वंशात, त्याच गावी, एक मूल जन्मतं आणि त्याला ठेवतात कुठे, तर गव्हाणीत. आपल्या भाषेत हा शब्द अजून जिवंत आहे हे आपलं भाग्य. पाळण्यासारखी दिसणारी एखादी गोंडस वस्तू म्हणजे गव्हाण नव्हे. जनावरांच्या वैरणीची जागा म्हणजे गव्हाण. लूकनं हा तपशील दोन वाक्यांच्या मध्ये सहज टाकल्यासारखा दिसतो, पण तीनदा सांगितलाय. जिथे खाणं ठेवतात तिथे बाळ ठेवलं. मोठेपणी हाच मुलगा भाकरी हातात घेऊन म्हणणार आहे, हे माझं शरीर.

तेव्हा मैत्रिणीला द्यायचं उत्तर एका अर्थी इथेच संपतं. भूक नाताळच्या गोष्टीत नंतर घुसडलेली नाही. त्या गावाच्या नावात ती आहे, आजीच्या पदरातल्या सरव्यात आहे, बाळाच्या अंथरुणात आहे. बाळ पोटात असताना मरीया गाते त्या स्तोत्रातही आहे: त्यानं भुकेल्यांना तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हातानं लावून दिलं.

हे प्रत्यक्षात कुणी केलं का?

केलं, आणि पहिल्याच पिढीत भांडणही झालं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सहाव्या अध्यायाची सुरुवातच तक्रारीनं होते: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय. बाराही प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, सभा बोलावली आणि वाटपासाठी सात माणसं नेमली. वाढप्यांच्या हातून होणारा पक्षपात हा चर्चच्या पहिल्या कारभारी निर्णयामागचा विषय होता, ही मला दिलासा देणारी गोष्ट वाटते. सुरुवातीची मंडळीही आपल्यासारखीच होती.

इसवी सन २५१ च्या सुमारास रोमचे बिशप कॉर्नेलियस एका पत्रात सहज लिहून जातात की रोमची मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, पंधराशेहून जास्त विधवा आणि गरजूंना पोसते. हा काळ छळाचा होता. चर्चकडे सत्ता नव्हती. पुढे ३६२ मध्ये सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळला होता, आपल्या एका पुजाऱ्याला वैतागून लिहितो की हे अधर्मी गालीली (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) त्यांच्या गरिबांबरोबर आपलेही गरीब पोसतात, आपल्याला लाज वाटायला हवी. विरोधकाच्या तोंडून आलेली ही साक्ष.

पण माझा आवडता माणूस म्हणजे बेसिल. आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पदुकिया प्रांतातलं कैसरिया शहर, साल ३६८-३६९. पाऊस नाही, पिकं जळालेली. शहर समुद्रापासून दूर, त्यामुळे बाहेरून धान्य आणणं अवघड. आणि ज्यांच्या कोठारांत धान्य होतं ते भाव आणखी चढायची वाट बघत होते. बेसिल तेव्हा बिशपही नव्हते, साधे धर्मगुरू. त्यांनी व्यासपीठावरून कोठारवाल्यांना असं धारेवर धरलं की आजही वाचताना कान गरम होतात. तू साठवून ठेवलेली भाकरी भुकेल्याची आहे, तुझ्या पेटीत कुलपात असलेला अंगरखा उघड्याचा आहे, असा त्यांचा रोख. शेताच्या कोपऱ्याचाच हा कायदा, फक्त शहरी माणसाला समजेल असा. कोठारं उघडली. मग त्यांनी मोठ्या कढया चढवल्या आणि उपाशी माणसांना स्वतःच्या हातानं वाढलं, असं त्यांचे मित्र ग्रेगरी सांगतात. पुढे बिशप झाल्यावर त्यांनी गावाबाहेर गरीब आणि आजारी लोकांसाठी अख्खी वसाहत उभारली.

बेसिलनी सेन यांच्या सोळाशे वर्षं आधी जोडणी कुठे तुंबलीय ते ओळखलं होतं.

‘गरीब नेहमी असणारच’ असं येशूच म्हणाला ना?

म्हणाला. पण ते वाक्य त्याचं स्वतःचं नाही, अनुवाद या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातल्या ओळीची ती आठवण आहे आणि ऐकणाऱ्यांना पुढचा भाग पाठ होता: देशात गरीब असणारच, *म्हणून* मी तुला आज्ञा करतो, आपला हात सैल सोड. आपण पहिला अर्धा भाग घेतो आणि हात झटकून मोकळे होतो.

काम करत नाही त्यानं खाऊ नये, असंही लिहिलंय

नव्या करारात, थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. शब्द मात्र ‘ज्याला काम करायची *इच्छा* नाही’ असे आहेत. ते लिहिलं गेलं ते मंडळीतल्या काही धडधाकट माणसांना, जी कामधंदा सोडून लष्करच्या भाकऱ्या भाजत हिंडत होती. ज्याला काम मिळत नाही, ज्याची मजुरी भाकरीला पुरत नाही, जो आजारी किंवा म्हातारा आहे, त्याच्या अंगावर हे वाक्य फेकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं.

अन्नाच्या आडून धर्मांतर होतं, त्याचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. असं झालेलं आहे. १८४५ नंतरच्या आयर्लंडच्या भीषण दुष्काळात काही प्रॉटेस्टंट गटांनी कॅथलिक उपाशी लोकांना सूप देताना पंथ बदलण्याची अट घातली. ‘सूप घेतलं’ ही तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिवी होऊन बसली. अट घालणारेही ख्रिस्ती आणि सोसणारेही ख्रिस्ती, त्यामुळे ही जखम चर्चला आतूनच माहीत आहे.

याबद्दलची भूमिका आज कागदावर तरी स्वच्छ आहे. १९९४ मध्ये रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी एक आचारसंहिता केली. मदत फक्त गरज बघून द्यायची, कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक मताचा प्रसार करायला वापरायची नाही, हे त्यात आहे. ती करणाऱ्यांत कॅथलिक ‘कारितास’ आणि ‘लुथरन वर्ल्ड फेडरेशन’ होत्या. २००५ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीही परिपत्रकात लिहिलं की प्रेम फुकट असतं, ते दुसरं काही साधण्यासाठी करायचं नसतं. मत्तयाच्या त्या अध्यायातही राजा कुणाला ‘तुझा विश्वास कोणता’ असं विचारत नाही. यापलीकडे जाऊन कुणी ताटाला अट बांधत असेल तर ते चूक आहे, आणि ते चूक म्हणायला ख्रिस्ती माणसानं सगळ्यांत आधी उभं राहावं असं मला वाटतं.

आणि चर्चमधलं सोनं?

चौथ्या शतकातल्या अंत्युखियातले धर्मगुरू योहान ख्रिसोस्तम यांनीच हा प्रश्न विचारून ठेवलाय: ख्रिस्ताच्या वेदीवर सोन्याचे प्याले असून काय उपयोग, तो दारात उपाशी मरत असेल तर? आधी त्याला जेवू घाला, उरलं तर वेदी सजवा. मिलानचे बिशप ॲम्ब्रोज यांनी युद्धकैद्यांना सोडवायला चर्चची भांडी वितळवली होती. ज्यांनी असं केलं नाही त्यांची यादी अर्थातच जास्त लांब आहे.

अन्नदानाच्या एकेका पेटीनं काय होणार? हे सरकारचं काम

दोन्ही खरं आहे. घाटात एका वळणावर रोज अपघात होत असतील तर जखमींना उचलावं लागतं आणि वळणही सरळ करावं लागतं. आधी वळण, मग जखमी, असं कुणी म्हणत नाही. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर जे परिपत्रक काढलं त्यात मजुराला त्याचं पोट भरेल इतकी मजुरी मिळाली पाहिजे असं ठामपणे सांगितलं. ती धर्मादायाची नाही, न्यायाची गोष्ट म्हणून. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं ते आगमनकाळातलं वाचनही अंगरख्यावर थांबत नाही. पुढे जकातदार विचारतात, आम्ही काय करावं? ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपाई विचारतात. कुणाला लुबाडू नका, पगारात भागवा. दुसरा अंगरखा देणं हे ज्याच्या त्याच्या घरचं, पण जकात आणि पगार ही व्यवस्था झाली. योहान दोन्ही एका दमात बोलतो.

मग आगमनकाळात करतात काय?

काही ठिकाणी उलटं कॅलेंडर चालवतात. आगमनकाळाच्या नेहमीच्या कॅलेंडरात नाताळपर्यंतच्या प्रत्येक दिवसाची एक छोटी खिडकी असते; मुलं रोज एक उघडून गोळी काढतात. उलट्या कॅलेंडरात रोज एक खायची वस्तू खोक्यात टाकायची. काही ठिकाणी एक जेवण सोडून त्याचे पैसे देतात. आमच्याकडे गव्हाणीच्या देखाव्याशेजारी एक मोठी पेटी ठेवतात.

त्या पेटीतलं सामान निवडायला मी एकदा बसले होते. वरचा थर बरा होता. खाली गेलो तसतशी मुदत संपलेली पाकिटं लागू लागली. एकाची दीड वर्षापूर्वी संपलेली. दबलेले डबे, अर्धवट वापरून रबर लावलेली पिशवी. कुणीतरी फडताळ साफ केलं होतं आणि त्याला आगमनकाळ हे निमित्त मिळालं होतं. मला बायबलमधली मान्नाची, म्हणजे रानात देवाकडून रोज मिळणाऱ्या अन्नाची, गोष्ट आठवली: लोकांनी उद्यासाठी लपवून ठेवला आणि सकाळी त्यात किडे पडले. खरं सांगायचं तर त्यातलं एक पाकीट माझ्या घरचं असू शकेल, मला खात्री नाही.

दुसरी एक अडचण लक्षात आली ती वाटपाच्या दिवशी. टेबलावर एक वही होती: नाव, पत्ता, घरात माणसं किती, सही. हिशेब चोख राहावा म्हणून आम्हीच केलेली. एक बाई रांगेत बराच वेळ उभ्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी वहीकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, “नाव लिहावंच लागतं का?” माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला, “हो काकू, नियम आहे.” त्या “बरं, येते पुन्हा” म्हणाल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

पुढच्या बैठकीत यावर तासभर वाद झाला. नाव नको म्हणावं तर एकच माणूस चारदा नेईल, अशी एका बाजूची भीती. नेऊ दे, चारदा भूक लागत असेल, असं दुसऱ्या बाजूनं कुणीतरी म्हटलं आणि आवाज चढले. विधवांच्या वाटपावरून प्रेषितांनी बोलावलेली ती सभा अशीच झाली असेल. शेवटी वही राहिली. फक्त नावाचा रकाना रिकामा सोडला तरी चालेल असं ठरलं, आणि टेबलावर बसणाऱ्यानं ते रांगेतल्या प्रत्येकाला आधीच सांगायचं.